पुली हटून बसली आहे

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची 1999 सालची होंडा सिटी आहे, दीड लिटर इंजिनची. वडील गेल्यावर ती विकायची नाही असं आईने सांगितलंय, म्हणून मीच सांभाळतो. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळती ठेवणारा पट्टा) शेवटचा कधी बदलला त्याची नोंद सापडेना, तेव्हा या सुट्टीत तो घरीच बदलायला काढला. डावं चाक काढलं, फॅन बेल्ट काढले, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीपाशी येऊन अडलो. तिचा 19 नंबरचा बोल्ट हलतच नाही. पहिल्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, तर पान्ह्याबरोबर इंजिनच फिरायला लागलं. दुसऱ्या दिवशी बायकोला ब्रेकवर बसवलं आणि पान्ह्याला साडेतीन फुटी पाइप लावला, तर एक्स्टेन्शन जिलेबीसारखं पिळून तुटलं. गंज सोडवायच्या स्प्रेची अख्खी बाटली संपली. एक मित्र म्हणतो, पान्हा जमिनीला टेकव आणि सेल्फ मार, एका झटक्यात सुटेल. दुसरा म्हणतो, गॅसने तापव. गाडी पाच दिवस पार्किंगमध्ये जॅकवर उभी आहे आणि सोसायटीचे सेक्रेटरी रोज सकाळी येऊन बघून जातात. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सेल्फ मारू नका. बाकीचं चहा घेऊन सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच मनाशी पक्कं करा.

तुमचा मित्र खोटं सांगत नाही. ॲम्बॅसॅडर, फियाट, मारुती, अशा शेकडो गाड्यांवर आम्ही ही युक्ती केली आहे. पुलीच्या बाजूने बघितलं तर ही इंजिनं घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात. बोल्टला पान्हा लावायचा, त्याचा दांडा जमिनीला टेकवायचा आणि सेल्फचा एक टिचका द्यायचा. बोल्ट जागेवर अडतो, क्रँक पुढे जातो आणि बोल्ट ढिला होतो. पण तुमची सिटी होंडाच्या ज्या जुन्या घराण्यातली आहे, ती इंजिनं उलटी फिरतात, काट्याच्या विरुद्ध. तिथे सेल्फ मारला की बोल्ट सुटायचा सोडून आणखी आवळला जातो. (2003 नंतरच्या नव्या सिटीचं इंजिन सुलट फिरतं आणि तिला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. त्यामुळे ‘माझ्या सिटीवर तर चाललं’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर आधी साल विचारा.)

हे मला कसं कळलं म्हणाल, तर स्वतःच्या खिशातून पैसे भरून. कोल्हापुरात उद्यमनगराजवळ माझं गॅरेज होतं. पहिल्यांदा ही सिटी दारात आली तेव्हा माझ्या हाताला वीस वर्षांची सवय होती. एका डॉक्टरांची गाडी, दिवाळी चार दिवसांवर. मी पान्ह्याचा दांडा नेहमीसारखा मागच्या बाजूला जमिनीवर टेकवला आणि ऐटीत पोराला म्हणालो, ‘मार सेल्फ.’ दांडा जमिनीत रुतायच्या ऐवजी उलटा वर उठला आणि चाकाच्या कमानीला आतून असा बसला, की बाहेरून फेंडरला लिंबाएवढं टेंगूळ. आम्ही दोघं गप्प. मग ते पोरगंच हळूच म्हणालं, ‘मिस्त्री, ही उलटी फिरती.’ मला ते पटलं नाही. मी दांडा दुसऱ्या बाजूला अडवून परत सेल्फ मारायला लावला. बोल्ट त्यानंतर जो आवळून बसला तो सोडवायला आख्खा दिवस गेला. डेंटिंग-पेंटिंगचे पैसे अर्थातच माझे. पोरगं आता स्वतःचं गॅरेज चालवतं आणि लग्नकार्यात भेटलं की ही गोष्ट चारचौघांत सांगतं.

आता तुमच्या बोल्टकडे येऊ. तो गंजलाय म्हणून निघत नाही असं तुम्हाला वाटतंय, म्हणून तुम्ही स्प्रे ओतला. त्याचे आटे क्रँकच्या टोकाच्या आत, बंद भोकात आहेत आणि तोंडावर जाड वॉशर दाबून बसलाय. तिथवर तेल पोचतच नाही. बोल्ट मुळातच जबरदस्त आवळलेला असतो, या घराण्यातल्या इंजिनांना साधारण 180 न्यूटन-मीटरच्या आसपास. सोप्या भाषेत, एक मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला अठरा-साडेअठरा किलोचं वजन टांगल्यावर जेवढी पिळ बसेल तेवढी. हे झालं आवळण्याचं. इतकी वर्षं बसलेला बोल्ट सुटताना त्याच्या कितीतरी जास्त मागतो. आणि तुमच्या साडेतीन फुटी पाइपवर तुमच्यासारखा सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तर त्याहून चौपट पिळ होते. म्हणजे ताकद कमी पडत नाहीये. ती जाते कुठे, हा प्रश्न आहे.

पहिल्या दिवशी ती चाकात गेली. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तो कितीही ओढा, पुढचं उचललेलं चाक मोकळंच. दुसऱ्या दिवशी वहिनींनी ब्रेक दाबला, हे बरोबर केलंत. गिअर पाचवा टाकला असेल तर तेही बरोबर. पहिला टाकला तर ब्रेकवर कितीतरी जास्त जोर येतो. पण मधे काय काय आहे बघा. क्लचच्या स्प्रिंगा, ॲक्सल, इंजिनचे रबरी माउंटिंग, प्रत्येक जण थोडं थोडं दबतो. तुम्ही गादीवर उभं राहून भिंतीला धक्का मारताय. शिवाय तुमचं लांबलचक एक्स्टेन्शन. चाकाच्या खोबणीतून बाहेर यायला ते लागतंच, पण टोकाला दांडा दाबला की ते खाली वाकतं, सॉकेट बोल्टवर तिरकं बसतं आणि अर्धा जोर वाकवण्यात जातो. अर्ध्या इंची एक्स्टेन्शन पिळून तुटलं म्हणजे पोलाद वाईट होतं असं नाही, त्याला दोन कामं एकदम करायला लावली होती.

तेव्हा पुली थेट धरायची, आणि एक्स्टेन्शनला खालून आधार द्यायचा. एवढंच.

पुलीच्या मधोमध, बोल्टच्या भोवती, एक मोठं षट्कोनी खोलगट भोक दिसेल. ते कंपनीने पुली धरण्यासाठीच ठेवलंय, आणि त्या भोकाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर 50 मिलिमीटर असतं. व्हर्नियरने एकदा मोजून घ्या. त्यात बसणारं हत्यार विकत मिळतं, पण तुम्ही नाशिकला आहात, सातपूर नाहीतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जा. नट-बोल्टच्या दुकानात एम-33 चा नट मागा. स्टँडर्ड एम-33 नट बाहेरून बरोबर 50 मिलिमीटरचा असतो. कुठल्याही लेथवाल्याकडून आतले आटे काढून भोक साफ करून घ्या, म्हणजे 19 चा सॉकेट त्यातून आरपार जाईल. सॉकेट सोबत न्या आणि तिथेच घालून बघा. इम्पॅक्टचे सॉकेट जाड असतात, अडकतात. मग दोन-अडीच फुटी जाड पट्टी घ्या, दहा-बारा मिलिमीटरची, तिच्या टोकाला तेवढंच भोक पाडा आणि नट चहूबाजूंनी वेल्डिंग करून घ्या. वेल्डर म्हणेल दोन टाके पुरेत. पुरत नाहीत. पूर्ण फिरवून घ्या, आणि तो वेल्डिंग करत असताना बाजूला उभे राहा.

सॉकेटचं बोलायचं तर सहाकोनी घ्या. बाराकोनी सॉकेट बोल्टच्या कोपऱ्यांवर टेकतो आणि ते झिजवतो. बोल्टचं डोकं एकदा गोल झालं की मग घरचं काम संपलं, थेट गॅरेज. जमलं तर एक्स्टेन्शन आणि दांडा पाऊण इंची चौकोनाचा आणा, ट्रकच्या कामाचा. टायरवाल्याकडे दिवसाच्या बोलीवर मिळतो.

आता मांडणी. हे डोळ्यांसमोर आणून वाचा. गाडी पहिल्यांदा दोन भक्कम स्टँडवर घ्या. तुम्ही लिहिलंय की ती पाच दिवस जॅकवर उभी आहे. ते वाचून मला त्या बोल्टपेक्षा तुमची जास्त काळजी वाटली. जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नाही. मागच्या चाकांना दगड लावा. डाव्या चाकाच्या खोबणीसमोर बसलात की गाडीचं तोंड तुमच्या डाव्या हाताला येतं. पुलीत नट घाला आणि पट्टीचं टोक डावीकडे, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे, खाली उतरतं ठेवून लाकडी ठोकळ्यावर टेकवा. मग नटातून सॉकेट आत घालून बोल्टवर बसवा, एक्स्टेन्शन बाहेर आणा आणि त्याच्या बाहेरच्या टोकाखाली तिसरा स्टँड असा ठेवा की ते अगदी आडवं राहील, स्टँडच्या खाचेत फिरू शकेल पण खाली वाकणार नाही. त्यावर दांडा चढवा, तोही डावीकडेच, पट्टीच्या वर वीतभर अंतरावर. आता दांडा खाली दाबला की बोल्ट काट्याच्या विरुद्ध फिरायला बघतो, पुलीही त्याच दिशेला जाऊ बघते, आणि पट्टी ठोकळ्यावर अडते. पट्टी उजवीकडे ठेवलीत तर ती वर उठेल आणि माझ्यासारखं टेंगूळ आणेल.

दाबायच्या आधी एक काम. बोल्ट घट्ट आहे तोवरच इंजिन हाताने काट्याच्या विरुद्ध फिरवून टायमिंगच्या खुणा जुळवून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि स्पार्क प्लग काढा, म्हणजे हलकं जातं. बोल्ट एकदा ढिला झाला की त्याच दिशेला पान्हा फिरवला तर क्रँक न फिरता बोल्टच बाहेर येईल. हे विसरून खुणांच्या शोधात दुपार घालवणारे बरेच पाहिलेत. खुणा जुळल्या की बोल्टच्या डोक्यापासून पुलीवर खडूची एक सरळ रेघ मारा.

मग हळूहळू वजन टाका. झटके नकोत, लाथा नकोत, पाइपवर उड्या तर मुळीच नकोत. डोळ्यांवर चष्मा, आणि तळहात उघडा ठेवून दाबा, म्हणजे दांडा निसटला तर बोटं पट्टीत सापडणार नाहीत. दांडा खाली जाईल, पण लगेच खूश होऊ नका. सोडला की परत वर आला तर ते पोलाद पिळलं जातंय, बोल्ट हललेला नाही. तसंच थोडं थोडं वाढवत राहा. सुटतो तेव्हा ‘टण्ण’ असा आवाज होतो, पिस्तूल झाडल्यासारखा. नवख्या माणसाला वाटतं काहीतरी तुटलं. खडूची रेघ बघा. तुटलेली दिसली तर बोल्ट सुटला. दांडा परत वर येत नाही, हीही खूण.

पाइप किती लांब घ्यायचा? पाच फुटी पुरतो. आमच्याकडे एक पहिलवान गडी कामाला होता, तालमीतून थेट गॅरेजला यायचा. त्याला पाइप कधी लागला नाही, पण त्याने तोडलेल्या सॉकेटांनी एक बादली भरली होती.

हे सगळं करायचा कंटाळा असेल तर प्रामाणिक दुसरा रस्ता सांगतो. टायरवाल्याकडची हवेची गन. ती जोर लावत नाही, हातोडीसारखे सेकंदाला कितीतरी टोले मारते. रबर आणि स्प्रिंगा दबायच्या आत टोला बोल्टला बसलेला असतो. त्यामुळे पुली धरायलाही फारसं लागत नाही. मात्र कंप्रेसर मोठा हवा आणि एक्स्टेन्शन आखूड हवं. तुमची गाडी चालत जाऊ शकत नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारी चांगल्या ताकदीची इम्पॅक्ट गन कुणाकडून मिळते का बघा. मिळाली तर आधी तीच लावा. माझा नटाचा खटाटोप तिथेच ठेवा, आवळताना कामाला येईल.

गॅसबद्दल : सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या गाडीखाली, ज्योत पेटवायची नाही. सेक्रेटरींची बाजू एरवी मी घेतली नसती, पण इथे घेतो. दुसरं म्हणजे पुलीची बाहेरची कडी आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर भरलेलं असतं, क्रँकची थरथर शोषायला. ते तापलं की गेलं. मागे क्रँकचं ऑइल सीलही आहे.

बोल्ट निघाल्यावर पुली बहुतेक वेळा हातानेच येते. नाही आली तर दोन्ही हातांनी डावी-उजवी हलवत ओढा. खोबणीतली चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर जागच्या जागी धरणारा पोलादाचा छोटा तुकडा, सांभाळा. ती गाडीखाली पडली की दिसत नाही. एवढं उघडलंच आहे तर वॉटर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) आणि क्रँक व कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची सीलं बदलून टाका. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच चालतो, सहा महिन्यांनी तो गळायला लागला तर हाच बोल्ट पुन्हा उघडावा लागेल. परत बसवताना पुली हातोड्याने ठोकू नका, बोल्टनेच आत ओढून घ्या. आवळण्याचा आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या आणि टॉर्क रेंचने, म्हणजे किती पिळ बसली ते दाखवणाऱ्या पान्ह्याने, आवळा. तेल कुठे लावायचं आणि कुठे कोरडं ठेवायचं हेही तिथेच लिहिलेलं असतं. ‘पुढच्या वेळी सोपं जावं’ म्हणून ढिला ठेवणारे भेटतात. ढिली पुली चावी झिजवते, मग क्रँकची खोबणी खाते, आणि क्रँक बदलायचा म्हणजे सगळं इंजिन उतरवायचं.

जमलं की कळवा. आईंनाही सांगा.

प्रश्न : माझ्या मारुती 800 च्या अल्टरनेटरची पुली बदलायची आहे. अल्टरनेटर काढून टेबलावर घेतला, पण नट फिरवला की आतला दांडाच फिरतो. पंख्याच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवला तर पातं वाकलं. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पात्याला हात लावू नका, ती थंडाव्यासाठी आहेत आणि वाकली की तोल जातो. जुना फॅन बेल्ट टाकून दिला नसेल तर तो पुलीच्या खाचेत एक वेढा घालून बसवा, दोन्ही टोकं एकत्र आणून शिकंज्यात पुलीच्या अगदी जवळ गच्च पकडा. रबर पुलीला धरतं, ओरखडा येत नाही. मग रिंग पान्ह्याने नट सोडवा. आधी दांड्याच्या टोकाला बघून घ्या. काही अल्टरनेटरला तिथे षट्कोनी भोक असतं, त्यात ॲलन-की घालून दांडा धरता येतो. इम्पॅक्ट गन असेल तर हातात नुसतं धरूनही दोन सेकंदांत निघतो. अल्टरनेटरचं अंग शिकंज्यात आवळू नका, ते ॲल्युमिनियमचं आहे, तडकतं.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीची क्रँकची पुली येत नव्हती म्हणून तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला लावून ओढली. निघाली. परत बसवल्यापासून बेल्ट चिरकतो आणि पुली फिरताना डुलते. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुली निघाली नाही, फाटली. वर नाशिककरांना सांगितलं तेच रबर. पुलर बाहेरच्या कडेला लावला की आतला भाग क्रँकवर चिकटून राहतो आणि कडी एकटी पुढे येते. रबर सुटलं की कडी डुलते, बेल्ट चिरकतो, आणि एक दिवस ती कडी निखळून रेडिएटरमध्ये जाते. शिवाय टायमिंगची खूण कडीवर असेल तर ती आता खोटं बोलते, कारण कडी जागेवरून सरकलेली आहे. त्या खुणेवर भरवसा ठेवून काहीही जुळवू नका. ही पुली दुरुस्त होत नाही, नवीनच आणा. गाडी तोवर चालवू नका. पुन्हा ओढायची वेळ आली तर आतल्या भागावर आटे पाडलेली दोन-तीन भोकं आहेत का बघा. असतील तर बोल्ट त्यात लावून सपाट पुलरने ओढायची, आणि पुलरचा मधला स्क्रू क्रँकच्या आट्यांवर न टेकता जुन्या बोल्टच्या तुकड्यावर टेकवायचा.

जुनी पुली भंगारात देऊ नका. उद्यमनगरात माझ्या पत्त्यावर कुणी येणार असेल तर त्याच्याकडे पाठवा, शिकाऊ पोरांना दाखवायला मला अशीच एक हवी होती.